साक्षीदार क्रमांक दोन

१

कारखान्याच्या पहारेकऱ्याचा देह गुरुवारी सकाळी तलावाच्या काठाशी सापडला. चष्मा रुमालात गुंडाळून खिशात नीट ठेवलेला होता. पाण्यात उतरणाऱ्या माणसाने चष्मा का जपावा, याचा कुणी फारसा विचार केला नाही. तोवर सगळ्या शहराने एकोणीस सेकंदांचा तो व्हिडिओ पाहिला होता आणि विचार करून झाला होता.

व्हिडिओ साधाच होता. भिंतीमागून दाट धूर येतो आहे. पहारेकरी मागचा लोखंडी दरवाजा ओढून घेतो, कुलूप लावतो, एक हिसका देऊन बघतो, किल्ली खिशात टाकतो आणि चालू लागतो. शेवटच्या तीन-चार सेकंदांत कडेने एक लहान मुलगी येते. तिचा चेहरा धूसर केलेला आहे. बस, एवढंच.

मंगळवारी दुपारी दीड वाजता कापड रंगवण्याच्या त्या कारखान्याला आग लागली आणि चार कामकरी बायका याच दरवाजाच्या आतल्या अंगाला सापडल्या. संध्याकाळी चार चाळीसला एका वर्तमानपत्राने हा व्हिडिओ आपल्या साइटवर टाकला. खाली ओळ होती: ‘दोन स्वतंत्र प्रत्यक्षदर्शींकडून खातरजमा.’ बुधवारी लोकांनी पहारेकऱ्याच्या घराच्या काचा फोडल्या. गुरुवारी तो गेला.

ज्या टेबलावर ही खातरजमा झाली, त्या टेबलाच्या प्रमुख बाई तेव्हा घरी डोळ्यांवर पट्टी बांधून बसल्या होत्या. ‘वाचकांचं टेबल’ म्हणत त्याला. लोक आपापल्या फोनवरून फोटो, व्हिडिओ, निरोप एका ठरलेल्या नंबरावर पाठवत, आणि त्यातलं खरं, खोटं, शिळं इथे निवडलं जाई. चौदा वर्षं हे निवडणं केल्यामुळे बाईंना सगळे चाळणीबाई म्हणत, अगदी तोंडावरही. दोन्ही डोळ्यांच्या शस्त्रक्रिया एकामागून एक झाल्या, डॉक्टरांनी सहा आठवडे पडद्याकडे बघायचं नाही म्हणून बजावलं, आणि त्या सोमवारी गडद चष्मा लावून परत आल्या.

वृत्तसंपादक दारातच भेटले. दर पाच मिनिटांनी वेळ सांगायच्या सवयीमुळे त्यांचं नाव घड्याळ पडलं होतं. चाळणी धुऊन आली, आता बारीक खडेसुद्धा सुटायचे नाहीत, असं म्हणून ते हसले आणि निघून गेले. बाई आपल्या खुर्चीवर बसल्या. त्यांच्या खणातून चार्जरची एक वायर बाहेर लोंबत होती. आपल्या माघारी खण कुणीतरी वापरतंय, एवढंच त्यांच्या मनात आलं. त्यांनी वायर आत सारली.

तेवढ्यात खालून निरोप आला. पहारेकऱ्याची मुलगी सकाळपासून येऊन बसली होती. तिला पत्र लिहून द्यायला सांगा, असं घड्याळ म्हणाले. चाळणीबाई मात्र उठून खाली गेल्या.

ती बाकावर ताठ बसली होती. तिशी-बत्तिशीची असावी. बाईंनी आपण कोण ते सांगताच ती शांतपणे म्हणाली, “बाबा परत द्या असं मी म्हणत नाही. उद्या अकराच्या आत मला ते दोन साक्षीदार दाखवा.”

२

अकराचं काय, ते तिने सांगितलं. चौकशी अधिकारी उद्या अकरा वाजता अहवालावर सही करणार होते. पहारेकऱ्याने घाबरून बाहेरून कुलूप घातलं आणि पळाला, असं त्यात लिहिलं जाणार होतं. चार मृत्यू त्याच्या नावावर लागणार आणि कारखाना मोकळा होणार. ती तीनदा अधिकाऱ्याला भेटून आली होती. तो माणूस वाईट नव्हता. तो म्हणाला होता की वर्तमानपत्राकडे दोन साक्षीदार आहेत आणि माझ्याकडे फक्त एक मुलगी आहे, तर मी काय लिहू?

वडिलांनी तिला काय सांगितलं होतं, तेही बाईंनी विचारून घेतलं. आगीच्या आधीच्या आठवड्यापासून मागच्या दरवाजाची किल्ली त्यांच्याकडे नव्हतीच. कापड चोरीला जातं म्हणून व्यवस्थापकाने ती वरच्या ऑफिसात नेऊन ठेवली होती. आग दिसल्यावर ते जिना चढून किल्लीसाठी धावले, तर ऑफिसला आतून कडी. ते दार बडवत राहिले. हे सांगू शकल्या असत्या त्या चौघी उरल्या नव्हत्या, आणि ऑफिसात जे होते ते गप्प होते.

“तुम्ही व्हिडिओ बघितलात तेव्हा काय वाटलं?” बाईंनी विचारलं.

तिने मान हलवली. सगळ्या जगाने तो बघितला होता, फक्त तिने नव्हता. बुधवारी बाबा दिवसभर फोन घेऊन तेच पुन्हापुन्हा लावून बघत होते, म्हणून तिने तो त्यांच्या हातातून काढून घेतला होता. आपण बघायचं नाही, असं तिने तेव्हाच ठरवलं. तिची सात वर्षांची मुलगी शाळेत जायची थांबली होती. वर्गात कुणीतरी तिला खुन्याची नात म्हणालं होतं. घरमालकीण रोज दारात येऊन उभी राहत होती, बोलत काही नव्हती.

“बुधवारी रात्री जेवताना बाबा म्हणाले, मी कळवलंय त्यांना, आता सकाळी बघू,” ती म्हणाली. “मला वाटलं मालकांना कळवलं असेल. सकाळी उठून बघते तर अंथरूण रिकामं.”

बाईंनी तिला चहा सांगितला आणि तिथेच थांबायला सांगितलं. जिना चढताना त्यांच्या मनात एकच गोष्ट होती. इतक्या वर्षांत त्यांच्या टेबलावरून चुकीचं काही गेलं नव्हतं असं नाही. पण दोन साक्षीदार असलेलं एकही चुकीचं गेलं नव्हतं. ती अट त्यांनी स्वतः घातली होती.

३

नोंदवही संगणकात होती. फोन कधी आला, कधी केला, किती वेळ चालला हे त्यात आपोआप चढायचं. तिथे खोडाखोड करायची सोय नव्हती. बाईंनी अक्षरं मोठी करून वाचायला घेतलं.

साक्षीदार एक, दुपारी तीन पन्नास. पुरुष. रस्त्याने जात असताना भिंतीपलीकडे धूर दिसला म्हणून फोन काढला, असं त्याचं म्हणणं. रिवाजाप्रमाणे त्याला त्याच जागेवरून आत्ताचा एक फोटो काढून पाठवायला सांगितलं. चार पाचला फोटो आला.

साक्षीदार दोन, चार बावीस. नऊ सेकंदांचा व्हिडिओ. चार सव्वीसला ऑफिसातून फोन केला, चार मिनिटं बोलणं. बाई समोरच्या इमारतीत राहतात, खिडकीतून काढलं. गॅसवर दूध ठेवलं होतं, ते उतू गेलं म्हणून आत धावल्या, पुढचं काढायचं राहिलं. नाव गुप्त ठेवावं अशी विनंती.

दूध वाचून चाळणीबाईंना जरा बरं वाटलं. खरा माणूस बोलतो तेव्हा असं काहीतरी बिनकामाचं त्याच्या बोलण्यात येतंच.

त्या मंगळवारी टेबलाशी संबंध आलेली माणसं तीन. त्यांच्याशी बाई एकेक करून बोलल्या.

घड्याळ म्हणाले की तेव्हा ते मालकांच्या बैठकीत होते, फोन बाहेरच्या टोपलीत. बाहेर आल्यावर त्यांनी फक्त खातरजमा झाल्याच्या दोन हिरव्या खुणा बघितल्या. दुसरं वर्तमानपत्र पाच वाजता काहीतरी टाकणार अशी कुणकुण होती, म्हणून बैठकीला जाण्याआधी त्यांनी टेबलावर येऊन घाई केली होती, हे त्यांनी कबूल केलं. “घाई करणं हेच माझं काम आहे, बाई. अडवणं तुमचं.”

व्हिडिओ कापायचा, लहान मुलांचे चेहरे धूसर करायचे, हे काम ज्याचं, त्याला सगळे कात्री म्हणत. तो माणूस पस्तिशीचा, बोलायला कंजूष. त्याने चार दहाला मुलीचा चेहरा झाकून प्रत तयार केली आणि सगळ्यांच्या फोल्डरमध्ये टाकली. बाईंनी त्याला साक्षीदार एकने पाठवलेला फोटो दाखवून विचारलं, रस्त्यावरून असा निघेल का? त्याने फोटो मोठा केला, दरवाजाच्या वरच्या चौकटीवर बोट ठेवलं. चौकटीच्या माथ्यावरची धूळ दिसत होती. “वरून काढलाय, ताई. पहिल्या मजल्यावरून तरी.”

त्या बाजूला वर एकच खिडकी होती. कारखान्याच्या ऑफिसची.

तिसरी धाकटी. उपसंपादक, चार वर्षांपूर्वी बाईंच्या हाताखाली आलेली. सहा आठवडे टेबल तिने एकटीने ओढलं होतं. ती वाळली होती. पहिला साक्षीदार खोटं बोलला असेल तर आपण फसलो, असं ती म्हणाली. पण समोरच्या बाईंशी मी स्वतः बोलले आहे, ताई.

म्हणजे पहिला कारखान्याचाच माणूस निघाला, तरी दुसरी होतीच. आणि दुसरी खरी असेल, तर पहारेकऱ्याने ते कुलूप लावलंच होतं.

४

मग बाईंनी अशी एक गोष्ट केली, जी मंगळवारी कुणाच्याच डोक्यात आली नव्हती. ज्याच्यावर आरोप आहे, त्याच्या घरच्या माणसाला त्यांनी व्हिडिओ दाखवला.

सहज झालं नाही ते. मुलगी वर आली, पडद्यासमोर बसली आणि डोळे मिटून घेतले. बाईंनी तिला सांगितलं की माझेही डोळे अजून धड नाहीत, आपण दोघी मिळून बघू. जमेल तेवढंच. पहिल्यांदा तिने बाबांचे हात पाहिले आणि तोंडाला पदर लावला. दुसऱ्यांदा शेवटपर्यंत पाहिलं. तिसऱ्यांदा ती पुढे सरकली.

“थांबवा,” ती म्हणाली.

पडद्याच्या कडेला ती धूसर चेहऱ्याची मुलगी होती. पिवळा फ्रॉक, त्याला खिशाजवळ हिरवं ठिगळ. दोन्ही हातांनी जेवणाचा डबा पोटाशी धरलेला.

“ते ठिगळ मी लावलंय. ही माझी पोर आहे.”

 बाईंनी मूळ, न झाकलेली प्रत उघडली आणि त्याच जागी थांबवली. पडद्यावर एक हसरी, पुढचा दात पडलेली सात वर्षांची मुलगी आजोबांकडे बघत होती. तिच्या पाठीमागे धूर होता आणि तिला त्याचं काहीच वाटत नव्हतं.

पहारेकऱ्याची मुलगी आता भराभर बोलू लागली. सुटीच्या दिवशी पोर बाबांचा डबा घेऊन जायची. सुटीच्या दिवशीच बॉयलर साफ करत, तेव्हा असा काळा धूर निघे. आत कुणी नसे. काम आटोपलं की बाबा मागचं दार लावत आणि दोघं घरी येत. किल्ली तेव्हा त्यांच्याचकडे असे.

“पण हे आगीच्या दिवसाचं नाहीच, असं मी कशावरून म्हणू?” बाईंनी विचारलं. “मला नाही, त्या अधिकाऱ्याला पटेल असं सांगा.”

“हात बघा ना तिचे,” ती म्हणाली. “आगीच्या आधीच्या गुरुवारी ती जिन्यावरून पडली. उजवा हात मोडला. बोटांपासून कोपराच्या वरपर्यंत प्लास्टर आहे, अजून आहे. दवाखान्याचा कागद आहे माझ्याकडे, तारखेसकट. मंगळवारी ती दोन्ही हातांनी डबा धरेल कशी?”

धूसर केलेल्या चेहऱ्याखाली दोन उघडे, धडधाकट हात होते. लाखो लोकांनी ते पाहिले होते. मुलाचा चेहरा झाकायचा हा ऑफिसचा नियम चांगला होता, बाईंनीच आग्रहाने करून घेतलेला. त्याच नियमाखाली ती पोर कुणाला ओळखू आली नव्हती.

बाईंनी गडद चष्मा काढला. डोळ्यांना पाणी येत होतं, ते उजेडानेही येत असेल. कारखान्याच्या खिडकीतून कुणीतरी साफसफाई झाल्याचं दाखवायला काढलेला जुना व्हिडिओ आगीनंतर दोन-अडीच तासांत पाठवला होता, एवढं आता दिसत होतं.

मग समोरच्या इमारतीतल्या बाईंनी तोच प्रसंग मंगळवारी आपल्या खिडकीतून कसा पाहिला? त्यांचं दूध कुठल्या दिवशी उतू गेलं?

५

साक्षीदार दोनचा व्हिडिओ प्रसिद्ध झालेलाच नव्हता. तो पुरावा म्हणून फाइलमध्ये पडून होता. खूण पडल्यावर पुन्हा कुणी तो उघडला नव्हता.

पहारेकऱ्याच्या मुलीला पुन्हा खाली बसवून बाईंनी तो उघडला. नऊ सेकंद. दरवाजा जवळून दिसत होता, चित्र थोडं तिरपं. पहिल्याहून वेगळं वाटावं इतपत. कुलूप लागलं, हिसका बसला, पहारेकरी वळला आणि अगदी शेवटी कडेला पिवळ्या फ्रॉकचा तुकडा आला.

बाईंनी कात्रीला हाक मारली. तो आला, वाकून बघितलं आणि बराच वेळ तसाच वाकून राहिला.

चेहरा धूसर होता.

वाचक चेहरे झाकून पाठवत नाहीत. कधी कुणी झाकलाच, तर वेडावाकडा गोल मारून. हा हनुवटीखालपर्यंत उतरणारा, कडा विरवलेला लांबट डाग कात्रीच्या हातचा होता. तो त्याने चार दहाला तयार केला होता. साइटवर तो चार चाळीसला गेला. आणि साक्षीदार दोनने आपला म्हणून पाठवला चार बावीसला. त्या मधल्या वेळात ती प्रत या मजल्याच्या बाहेर कुठेच नव्हती.

“मी नाही, ताई,” कात्री हळूच म्हणाला. बाईंनी मानेनेच होय म्हटलं, पण ते पटल्याचं होतं की ऐकल्याचं, हे त्यालाही कळलं नाही.

घड्याळांना बोलावलं. धाकटी समोरच्या टेबलावर होतीच, ती उठून आली. बाईंनी तिघांसमोर नोंदवहीतला साक्षीदार दोनचा नंबर काढला. वाचकाचं नाव-नंबर बाहेर द्यायचा नाही, हा आणखी एक नियम. त्यामुळे चौकशी अधिकाऱ्यानेही तो कधी मागितला नव्हता. बाईंनी टेबलावरच्या फोनवरून तो नंबर फिरवला आणि रिसीव्हर बाजूला ठेवून दिला.

क्षणभर काहीच झालं नाही. मग घंटी वाजली.

बाईंच्याच खणात.

६

खणात चार्जरला लावलेला एक स्वस्तातला फोन थरथरत होता. घड्याळ आधी हसले. ताई, तुम्हीच होय, असं काहीतरी ते म्हणणार होते, पण त्यांनी ते गिळलं.

फोन चाचणीचा होता. वाचकांचा नंबर चालू आहे ना, हे बघायला रोज सकाळी टेबलावरच्याच एका जादा फोनवरून त्यावर ‘चाचणी’ असा निरोप पाठवायचा आणि खऱ्यांत मिसळू नये म्हणून लगेच पुसून टाकायचा, ही इथली जुनी पद्धत. जुना फोन पडून फुटला म्हणून तीन आठवड्यांपूर्वी हा आणला होता, नव्या नंबरासकट. बाईंना तो नंबर माहीत असण्याचं कारण नव्हतं. बाकीच्यांनी तो कधी वाचलाच नव्हता.

खणाला कुलूप नव्हतं. हात कुणाचाही शिरू शकत होता. घड्याळांनी हेच बोलून दाखवलं. मजल्यावर चाळीस माणसं, आता कुणाकुणाला विचारायचं?

“विचारायला नको,” चाळणीबाई म्हणाल्या. “दूध आहे.”

त्यांनी नोंदवहीतली ती ओळ वाचून दाखवली, गॅसवर दूध ठेवलं होतं ते. मग सांगितलं की साक्षीदार नव्हताच, तर चार मिनिटांचं ते बोलणं बसून लिहिलेलं आहे. रचणारा माणूस सहसा कामाचं तेवढंच रचतो. धूर, कुलूप, वेळ. बिनकामाचं रचत नाही, कारण त्याला ते सुचत नाही. इथे ते मुद्दाम घातलंय. म्हणजे ही नोंद कोण तपासणार आणि ती कशाला भुलते, हे लिहिणाऱ्याला ठाऊक होतं.

“खरा साक्षीदार काहीतरी बिनकामाचं सांगतो, हे मी या ऑफिसात एकाच माणसाला शिकवलंय,” त्या म्हणाल्या. “तेव्हा उदाहरण दिलं होतं, दूध उतू जाण्याचंच. तुला आठवतं का गं?”

धाकटी उभी होती ती खाली बसली, खुर्ची नसलेल्या जागी, जमिनीवरच. कात्रीने पाण्याचा ग्लास आणून तिच्याजवळ ठेवला.

तिने लपवलं नाही. पहिला व्हिडिओ तिला खरा वाटला होता, अगदी मनापासून. फोटो आला होता, माणूस नीट बोलला होता. साहेब घाई करून बैठकीला गेले होते. अडत होतं ते फक्त दुसऱ्या खुणेपाशी. बाहेर समोरच्या इमारतीत जाऊन कुणाला तरी शोधायला तासभर लागला असता. तिने कात्रीची प्रत फोल्डरमधून उचलली, जवळून कापली, थोडी तिरपी केली. मूळ प्रत एकदा कात्रीकडे गेली की ती उघडायला त्याची नाहीतर प्रमुखांची परवानगी लागते, ही प्रत समोर होती. ऑफिसच्या फोनवरून खणातला फोन लावला, उचलला आणि चार मिनिटं दोन्ही तसेच ठेवले. त्या चार मिनिटांत ती टंकत होती.

“खरं आहे ते खरंच आहे, त्याला दुसरा जोडला तर काय बिघडलं, असं वाटलं, ताई,” ती म्हणाली. “गुरुवारी ते गेल्याचं कळलं. फोन फेकून द्यावा असं रोज वाटायचं. पण रोज सकाळी त्याच्यावरून चाचणी पाठवावी लागायची.”

पहारेकऱ्याची मुलगी दारात उभी होती. ती केव्हा आली होती कुणास ठाऊक. ती धाकटीकडे बघत राहिली, आणि ओरडली असती तर बरं झालं असतं, असं तिथल्या प्रत्येकाला वाटलं.

७

घड्याळांनी एक मार्ग सुचवला. ते दुष्ट नव्हते, घाबरले होते. एका वाचकाने आमची दिशाभूल केली, आम्ही दिलगीर आहोत, असं चार ओळींत छापावं. पोरीचं आयुष्य आहे, ऑफिसचं नाव आहे.

त्याने काय होईल ते बाईंनी त्यांना सांगितलं. एक वाचक खोटा ठरेल, दुसरा उरेल. अधिकाऱ्याच्या कागदावर एक साक्षीदार शिल्लक राहील आणि अकरा वाजता सही होईल. दुसरा साक्षीदार नव्हता, तो आम्ही बनवला, हेच लिहावं लागेल. आणि पहिला कारखान्याच्या खिडकीत उभा होता, हेही. घड्याळांनी घड्याळाकडे पाहिलं, पण या वेळी वेळ सांगितली नाही.

धाकटीने आपलं निवेदन स्वतः लिहिलं. दवाखान्याचा कागद, मूळ व्हिडिओ, फोटो, चाचणीचा फोन, असं सगळं एका पाकिटात गेलं. सकाळी अकराच्या आत अधिकाऱ्याकडे पाकीट घेऊन तीच जाणार होती. कात्री म्हणाला, मी सोबत येतो.

सगळे पांगल्यावर बाई एकट्या टेबलाशी राहिल्या. खिडकीत अजून ऊन होतं. जाताना पहारेकऱ्याच्या मुलीने त्यांना विचारलं होतं, तुम्ही बाबांना विचारलं का नाही? एक फोन करायचा होता. बाईंना तिने सांगितलेलं बाबांचंच वाक्य आठवत होतं. मी कळवलंय त्यांना.

मालकांना कळवून सकाळी काय बघायचं असतं? सकाळी बघतात ते वर्तमानपत्र.

त्यांनी पहारेकऱ्याचा नंबर नोंदवहीच्या शोधात टाकला. टाकताना त्यांना उत्तर माहीत होतं.

तीन निरोप होते, बुधवारचे.

सकाळी नऊ दहा. ‘नमस्कार. त्या व्हिडिओतला माणूस मी आहे. ते मंगळवारचं नाही.’

दुपारी एक पाच. ‘कृपया कुणीतरी फोन करावा. मी घरीच आहे.’

संध्याकाळी सहा वाजून चाळीस. ‘साहेब, शेवटी जी मुलगी दिसते ती माझी नात. तिचा उजवा हात आगीच्या आधी मोडला आहे. व्हिडिओत ती दोन्ही हातांनी डबा धरते. नीट बघावे. चष्मा लावून बघितले, माझी चूक नाही.’

बाईंनी ते दोनदा वाचलं. दिवसभर त्या जिथवर पोहोचल्या, तिथे तो म्हातारा बुधवारीच पोहोचला होता, एका बोटाने टंकत.

निरोप उघडलेच गेले नव्हते. खाली यंत्राने घातलेला शेरा होता: ‘साक्षीदार एक. बाद.’ दिवसाला हजारो निरोप येतात, ज्यांना दुसऱ्या कुणाचा दुजोरा नाही ते आपोआप बाजूला पडावेत, अशी सोय तीन वर्षांपूर्वी करून घेतली होती. मागणीच्या अर्जावर सही चाळणीबाईंची होती. धाकटीने एक साक्षीदार वाढवला होता. बाईंच्या चाळणीने एक गाळला होता.

त्यांनी वर जाऊन ते तीन निरोप घड्याळांपुढे ठेवले आणि उद्याच्या अंकात दिलगिरीच्या आधी हे जातील असं सांगितलं, आहेत तसे, वेळेसकट. खाली त्या अर्जावर कुणाची सही होती तेही जाईल. घड्याळांनी वाचलं, चष्मा काढला, पुसला. पहिल्या पानावर घेऊ, एवढंच ते म्हणाले.

बाई टेबलाशी परतल्या. पहारेकऱ्याची नोंद अजून पडद्यावर उघडी होती. ‘बाद’ हा शेरा पुसता येत नव्हता, तिथे खोडाखोडीची सोय नव्हती. पण शेजारचा रकाना रिकामा होता. साक्षीदार दोन.

त्यात त्यांनी लिहिलं: नात. वय सात.

आणि पुढे हिरवी खूण केली.